पॅकेजच्या पलीकडचा सीए

जुलै 2024 मध्ये डोंबिवलीत रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या आईला मुलाने आपण सीए झाल्याचं सांगितलं आणि तिने रडतरडत त्याला मिठी मारली. तो व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. मलाही फार आनंद झाला. पुढे जिथे हा विषय निघाला तिथे एकच प्रश्न ऐकला: आता पॅकेज किती मिळेल?

प्रश्न रास्त आहे. त्या माउलीच्या लेकाला भरपूर पगार मिळायलाच हवा. ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत तशा नोकऱ्या आहेतही. पण सीए होणाऱ्या मुलामुलींना आपण तेवढी एकच वाट दाखवतो आणि नवी मुंबईत दाराशी असलेलं काम नजरेआड राहतं.

सीएच्या सहीला कायद्याने वजन दिलंय. कंपनी कायद्याखालचं वैधानिक ऑडिट दुसरं कोणी करूच शकत नाही. रेरा कायद्याचं पाहा. उलवे, तळोजा, पनवेलमध्ये तुम्ही घर बुक करता, तेव्हा ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ती काढायची तर इंजिनीअर आणि आर्किटेक्टबरोबर सीएचंही प्रमाणपत्र लागतं. आयुष्याची कमाई घरात घालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही सही किती मोलाची! न्हावा-शेवा बंदरातून माल पाठवणाऱ्यांचे जीएसटी परतावे, एपीएमसीतले व्यापारी, सेक्टरासेक्टरातल्या सोसायट्यांची ऑडिटं हे तर रोजचंच काम.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मात्र गावठाणांतलं. या शहरासाठी आगरी-कोळी गावांच्या जमिनी गेल्या. 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जासई परिसरात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. भूखंड मिळाले, पण त्यानंतरचे कागद वाचणारं घरात कोण होतं? बिल्डरशी करार झाले, मोठ्या रकमा आल्या आणि करांच्या नोटिसाही आल्या. आता नियम असा आहे, की वैयक्तिक जमीनमालकाने नोंदणीकृत करार करून जागा विकासाला दिली, तर भांडवली नफ्यावरचा कर बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळेल त्या वर्षी लागतो. पण दाखल्याआधीच त्याने आपला हिस्सा विकला, तर ही सवलत जाते. असं एक वाक्य वेळेवर सांगणारा आपला माणूस आळीत असता, तर कितीतरी घरांचे पैसे वाचले असते.

अशी मुलं घडायला अडचण कुठे येते? परीक्षा अवघड आहेच. प्रत्येक विषयात किमान 40 आणि ग्रुपमध्ये सरासरी 50 टक्के गुण लागतात. पण ती बिनाओळखीची परीक्षा आहे. वशिला चालत नाही आणि इंजिनीअरिंग-मेडिकलइतका पैसाही लागत नाही. खरी गाठ पडते ती आर्टिकलशिपशी, म्हणजे सीए फर्ममध्ये कराव्या लागणाऱ्या प्रशिक्षणाशी. जुलै 2023 पासून ती तीनऐवजी दोन वर्षांची झाली, हे चांगलंच झालं. तरी ती चांगल्या फर्ममध्ये मिळायला ओळख लागते, आणि स्टायपेंड इतका तुटपुंजा असतो, की ज्या घरात मुलाच्या कमाईची वाट पाहिली जाते तिथे ही दोन वर्षं फार जड जातात.

म्हणून वाशी, बेलापूर, पनवेलच्या सीए फर्म्सना मनापासून विनंती आहे. दरवर्षी एक तरी आर्टिकल गावठाणातून किंवा माथाडी कामगाराच्या घरातून घ्या आणि त्याला घरी देता येईल एवढा स्टायपेंड द्या. आणि पालकहो, बारावीनंतर शाखा कोणतीही असली तरी सीएच्या फाउंडेशन परीक्षेला बसता येतं, हे मुलांना आजच सांगा.