पोस्टरवरचे आपले नाव



वाढदिवस असो की बारसे, नावाचे पोस्टर भेट देण्याची पद्धत आता आपल्या घरांतही आली आहे. चित्रकाराला बाळाचे नाव, जन्मतारीख, आवडता प्राणी कळवला की तो खास त्याच्यासाठी चित्र तयार करून छापून देतो. कल्पना छानच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की त्यावर नाव देवनागरीत असावे आणि ते शुद्ध असावे.

इथल्या चित्रकाराला बहुधा देवनागरी येत नाही. आपण टाइप केलेली अक्षरे तो संगणकावर चित्रात उतरवतो. संगणक पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर साठवतो, पण ती दिसायला हवी अक्षराच्या आधी. ही अदलाबदल चित्राच्या प्रोग्रॅमने करायची असते. ज्या प्रोग्रॅमला ती जमत नाही, तो 'मिहिर'चा 'महिरि' करतो आणि 'प्रज्ञा'तली जोडाक्षरे सुटी करून 'प'चा पाय मोडून ठेवतो. चित्रकाराला ते कळत नाही. पोस्टर मात्र वर्षानुवर्षे भिंतीवर राहते आणि मूल रोज आपले नाव चुकीचे वाचते.

उपाय सोपा आहे. मुलालाच पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने नाव मोठे लिहू द्या आणि त्या कागदाचा फोटो पाठवा. अक्षर वाकडेतिकडे आले तरी चालेल, ते त्याचे असेल. कमल शेडगे (निधन २०२०) यांनी कितीतरी मराठी नाटकांची नावे हातानेच रेखाटली. जसे नाटक, तसे अक्षर!

काही पालक म्हणतात, "नाव इंग्रजीतच बरे, मित्रांना वाचता येईल." त्यांनी कॅनडाच्या उत्तरेकडे पाहावे. नुनावुतमधल्या किंगाइट गावचे इनुइट कलावंत १९५९ पासून दरवर्षी आपल्या छापचित्रांचा संग्रह काढत आले आहेत. तिथल्या केनोजुआक अशेवाक यांचे १९६० सालचे घुबडाचे चित्र १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर आले. या गावच्या अनेक चित्रांवर कलावंताचे नाव इनुइटांच्या स्वतःच्या लिपीत असते. ती लिपी वाचता न येणारेही ती चित्रे हौसेने भिंतीवर लावतात.

मित्राने "हे काय लिहिलंय?" असे विचारले, तर बिघडले कुठे? उलट, आपले नाव वाचून दाखवायची संधीच मिळाली!

– एक पालक