सफरचंद घरीच शिजवा, पण त्याचा बाऊ नको



लेकरू सहा महिन्यांचं झालं, वरचं खाणं सुरू करायची वेळ आली, की नांदेड असो नाहीतर लातूर, वस्तीतल्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सिस्टर, सफरचंद द्यावंच लागतं का?" या प्रश्नात लेकराची काळजी असते, तसा पैशाचा हिशेबही असतो. रोजंदारीवर जाणारी माय अर्धा किलो सफरचंद आणते आणि त्या आठवड्यात घरातली डाळ किंवा अंडी कमी करते. काही घरांत सफरचंदाचं चित्र असलेला तयार डबा येतो. बंगल्यातली लेकरं जे खातात ते आपल्याही लेकराला मिळावं, ही इच्छा रास्तच आहे. पण त्या इच्छेवर कुणीतरी धंदा करतो, हेही ओळखायला हवं.

माझं मत सरळ आहे. सफरचंद चांगलं फळ आहे आणि ते घरी शिजवणं भात शिजवण्याहून सोपं आहे. त्यासाठी डबा लागत नाही. सफरचंद मिळालं नाही तरी लेकराचं काही अडत नाही. पण नुसत्या फळावर लेकराची भूक भागवली, तर मात्र नक्की अडतं.

घरी कसं करायचं?

एक-दोन सफरचंदं स्वच्छ धुवा, साल काढा. मधला कडक भाग आणि बिया काढून बारीक फोडी करा. छोट्या पातेल्यात फोडी बुडतील न बुडतील इतकं पाणी घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा. गॅस वाचवायचा असेल तर वरण-भाताच्या कुकरमध्येच वर एक वाटी ठेवा. फोड बोटाने दाबली की मोडली पाहिजे. मग चमच्याने किंवा पळीच्या पाठीने कुस्करा. झालं! डब्यावर ज्याला ‘प्युरी’ लिहितात ते हेच.

वर्षाच्या आतल्या लेकरासाठी त्यात साखर, गूळ, मीठ काही घालायचं नाही. मध तर अजिबात नाही. मधातल्या जंतूंमुळे इतक्या लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. लगदा इतका घट्ट असावा की चमचा तिरका केला तरी ओघळू नये. घरात फ्रीज नसेल तर एका वेळेपुरतंच करा. उरलं तर मोठ्यांनी खावं, संध्याकाळपर्यंत ठेवून लेकराला देऊ नये.

कच्च्या सफरचंदाची फोड लहान लेकराच्या हाती देऊ नका, घशात अडकते. आणि संध्याकाळी गाड्यावर डागी सफरचंदं स्वस्तात मिळतात, ती चालतात का? नुसता मार लागलेला भाग कापून टाकला तर चालतात. बुरशी धरलेलं किंवा आतून कुजलेलं फळ मात्र अख्खं फेका. तेवढा भाग कापून उपयोग नाही, कारण बुरशीचं विष आजूबाजूला पसरलेलं असू शकतं.

डब्यात काय असतं?

दोन वर्षांखालच्या बाळांच्या तयार अन्नाची आणि दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. हा कायदा 1992 चा, 2003 साली तो आणखी कडक झाला. तरीही "डबा म्हणजे ताकद" ही समजूत वस्तीत पोचलीच.

एप्रिल 2024 मध्ये ‘पब्लिक आय’ या स्वित्झर्लंडच्या संस्थेने एक तपासणी प्रसिद्ध केली. भारतात विकल्या जाणाऱ्या नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी 2.7 ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली. त्याच कंपनीचं सहा महिन्यांच्या बाळाचं अन्न जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये बिनसाखरेचं होतं. बोंब झाल्यावर त्याच वर्षी कंपनीने भारतासाठी बिनसाखरेचे प्रकार जाहीर केले. म्हणजे बिनसाखरेचं करता येत होतं! म्हणून डबा घ्यायचाच असेल तर पुढचं चित्र नाही, मागची बारीक अक्षरं वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. साठवलेल्या पाण्यात पावडर कालवली की पाण्यातली घाण थेट लेकराच्या पोटात जाते. शिजवलेल्या सफरचंदातलं पाणी उकळलेलं असतं. आणि केळ्याला तर पाणीच लागत नाही.

अर्धापूरचं केळं कमी नाही

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरची केळी लांबलांब जातात आणि आपण काश्मीर-हिमाचलच्या सफरचंदाकडे डोळे लावून बसतो. तेवढ्याच वजनाच्या केळ्यात सफरचंदाच्या जवळपास दीडपट ते दुप्पट ताकद, म्हणजे उष्मांक असतात. हात धुवा, साल काढा, वाटीत कुस्करा, दोन मिनिटांचं काम. "केळं थंड, सर्दी होते," असं आज्जी म्हणते. तिचा मान ठेवून सांगते, सर्दी विषाणूमुळे होते, केळ्यामुळे नाही.

पेरूमध्ये सफरचंदाच्या कितीतरी पट जास्त क जीवनसत्त्व असतं. पिकलेला पेरू वाफवून, गाळणीतून बिया काढून द्या. पपई नुसती कुस्करली तरी पुरते. सीताफळाच्या दिवसांत गर द्या, पण एकेक बी काढून, मोजून बाजूला ठेवा.

आणखी एक गैरसमज. कापलेलं सफरचंद तांबूस पडतं म्हणून त्यात लोह भरपूर, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. हवा लागल्याने फळातल्या रसांचा रंग बदलतो, इतकंच. सफरचंदात लोह अगदी नाममात्र असतं. रक्त वाढावं म्हणून आजाऱ्याला सफरचंदाची पिशवी नेण्याऐवजी अंडी आणि डाळ नेली, तर जास्त उपयोग होईल.

फळ म्हणजे जेवण नव्हे

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी 35 मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. हा खुजेपणा फळांच्या तुटवड्याने आलेला नाही. सहा महिन्यांनंतर पुरेसं आणि चारी ठाव अन्न न मिळणं, वारंवार जुलाब होणं, आईच मुळात अशक्त असणं, ही त्याची मोठी कारणं आहेत.

म्हणून आईचं दूध दोन वर्षं चालू ठेवा आणि सोबत घट्ट वरण-भात किंवा खिचडी, वर चमचाभर तेल किंवा तूप, पूर्ण उकडलेलं अंडं, पालेभाजी आणि वरून लिंबू. घरात मटण-मासे होत असतील तर मऊ शिजवून, काटे-हाडं काढून, लेकरालाही द्या. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करा, आठव्या महिन्यापर्यंत अर्धा कप, दिवसातून 2 ते 3 वेळा. नवव्या महिन्यापासून 3 ते 4 वेळा. वर्षानंतर एका वेळी पाऊण ते एक कप. फळ यात भर म्हणून. चहात बुडवलेलं बिस्कीट यातल्या कशाचीही जागा घेऊ शकत नाही.

"बाई, एवढं करायला वेळ कुठाय?" हा सवाल खोटा नाही. धुणीभांडी करणारी, बांधकामावर जाणारी बाई आळसाने डबा आणत नाही. 1928 साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं बाबासाहेबांनी मांडलं होतं. रोजंदारीवरच्या आपल्या बायांना तो विसावा आजही मिळत नाही. म्हणून चमचा एकट्या आईच्या हातात ठेवून चालणार नाही. तो बापाने घ्यावा, आज्याने घ्यावा.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांना घरी न्यायचा आहार मिळतो. तो हक्काने घ्या, घरातल्या मोठ्यांत वाटून टाकू नका. दर महिन्याला लेकराचं वजन करून घ्या आणि कार्डावरची रेघ वर चालली की खाली, हे ताईंना विचारा. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास याच विषयाला द्या. एक कुकर, चार वाट्या, दोन सफरचंदं, डझनभर केळी आणि चार अंडी आणा आणि तरुण आया-बापांना तिथंच करून दाखवा. त्यात बापांना पुढे बसवा.