डोंगरावरील तीन रेषा



स्कॉटलंडमधील ग्लेन रॉय खोऱ्याच्या उतारांवर सुमारे २६०, ३२५ व ३५० मीटर उंचीवर रस्त्यांसारख्या तीन समांतर रेषा दिसतात. जुन्या वीरांनी शिकारीसाठी हे मार्ग बांधले, अशी लोकांची समजूत होती. १८३९ साली डार्विनने त्यांना समुद्राचे प्राचीन किनारे ठरविले. १८४० साली अगासीझने खरा उलगडा केला. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी हिमनदीने खोऱ्याचे तोंड अडविले व आत पाणी तुंबून सरोवर झाले. जी खिंड मोकळी असे, तिच्या उंचीपर्यंत पाणी चढे व तेथेच काठ कोरला जाई. बर्फ सरकले की पातळी बदले. १८६१ साली नवा पुरावा पटताच डार्विनने आपली चूक निःसंकोच मान्य केली. सत्यापुढे मान लववणे हीच खरी विद्वत्ता होय.