आहेर गुप्त, आजार जाहीर

शिक्षकांची वैद्यकीय बिलं कुठल्या टेबलावर किती महिने झोपतात त्याची यादी लावा, म्हणून या जागेवरून मी किती ओरडलो ते नियमित वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. या आठवड्यात एका पंचायत समितीने यादी लावली. कोणत्या, ते लिहीत नाही. ज्यांची नावं त्यात आहेत त्यांची पुरेशी शोभा आधीच झाली आहे. वाशीम जिल्ह्यातल्या रिठदच्या स्टँडवर ती यादी मोबाइलवर माझ्यापुढे धरणारा गडी शिक्षक नाही, कर्मचारीही नाही, त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. अनुक्रमांक, शिक्षकाचं नाव, शाळा, रुग्णाशी नातं, आजार, रक्कम, शेरा. एका ओळीत 'पत्नी', पुढे गर्भपिशवीचं ऑपरेशन, शेऱ्यात 'डिस्चार्ज कार्ड साक्षांकित नाही'. त्याखाली कुणाचा तरी मुलगा, आणि आजाराच्या रकान्यात गावात ज्याचं नाव हळू आवाजात घेतात तो मनाचा आजार. पोरगा लग्नाचा आहे. दुकानदाराने रक्कम वाचलीच नाही. 'इथं माझ्या साडूची पोरगी द्यायचं चाललं होतं,' एवढंच म्हणाला आणि मोबाइल खिशात टाकला.

माझं जुनं मत आहे, आणि त्याला पुरावा मागू नका, की या राज्यातली निम्मी गुपितं झेरॉक्सच्या दुकानातून फुटतात. बिलाची फाइल प्रती काढायला दिली की दुकानातला पोरगा पानं सरळ करता करता वाचतो, मागे सातबारा घेऊन उभा असलेला वाचतो, आणि काळी आलेली प्रत भजी बांधायला जाते. यंदा मात्र झेरॉक्सवाला निर्दोष सुटला. कार्यालयाने स्वतःच रकाने भरले, पीडीएफ केली आणि 'फक्त कार्यालयीन कामासाठी' अशा नावाच्या ग्रुपवर सोडली.

मला राहून राहून आठवतं ते अकोल्याचं प्रकरण. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं, तेव्हा ते घरचंच समजा. भविष्य निर्वाह निधीच्या अकोला कार्यालयात काम केलेल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याबद्दल गिरीश देशपांडे यांनी २००८ साली माहिती अधिकारात विचारणा केली. मेमो किती मिळाले, कारणे दाखवा नोटिसा किती, शिक्षा काही झाली का, स्थावर-जंगम काय आहे, आणि मुलाच्या लग्नात आहेर काय काय आला. यातली बहुतेक माहिती नाकारली गेली. प्रकरण वर वर जात राहिलं, आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही नकारावरच शिक्का मारला. मेमो आणि शिक्षा हा कर्मचारी आणि त्याला नोकरीवर ठेवणारा यांच्यातला मामला, मिळकतीचा तपशील ही वैयक्तिक माहिती. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती बाहेर द्यायची नाही.

तेव्हापासून हा निकाल जनमाहिती अधिकाऱ्यांना पाढ्यासारखा पाठ आहे. एखाद्या गुरुजींना किती नोटिसा आल्या, विचारून बघा. देशपांडे निकालाचा दाखला देऊन पत्र परत येतं. त्याच गुरुजींच्या बायकोची गर्भपिशवी मात्र कुणी अर्ज न करता, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प न लावता, तालुकाभर वाटली जाते. टेबल तेच आणि बाबूही तेच. कुठल्याही साहेबाच्या पोराला लग्नात काय चढवलं गेलं, हे लोकांच्या कामाचं असू शकतं. आहेराच्या यादीवरून कधीकधी बरंच काही उलगडतं. बाईच्या पोटात काय होतं हे कळून जनतेचं कोणतं हित साधतं? शिवाय ती बाई जिल्हा परिषदेची नोकर नाही. तिने कुठल्या सेवाशर्तीवर सही केलेली नाही. नवऱ्याला नोकरी आहे आणि आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, एवढाच तिचा गुन्हा.

कायदे नाहीत असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली एचआयव्हीमुळे काम नाकारलेल्या एका रोजंदारी कामगाराचा दावा नाव झाकून चालवू दिला. कायद्याच्या पुस्तकात तो आजही 'एमएक्स' आहे. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि अशा नोंदी जपण्याचं बंधन संस्थांवर आलं. बाकीच्या आजारांना कार्यालयात तसं कुंपण नाही. मनोरुग्णाची माहिती डॉक्टरने फोडू नये, हेही २०१७ च्याच दुसऱ्या कायद्यात आहे, पण इथे डॉक्टरने फोडलीच कुठे? माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी आजाराच्या नोंदी संवेदनशील ठरवल्या, त्या कंपन्यांपुरत्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर संवेदनशील असा वेगळा वर्गच उरला नाही. त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम मात्र आणखी आवळलं. म्हणजे मेमोला दुसरं कुलूप.

शिक्षक संघटनेचे एक पदाधिकारी म्हणाले, यादी नसली की बिलं 'वजन' ठेवल्यावरच पुढे सरकतात. खरं आहे, रांग दिसलीच पाहिजे. पण रांगेला आवक क्रमांक आणि तारीख पुरते. आजाराचं नाव फायलीत लागतं, कारण वैद्यकीय देखभालीचे १९६१ चे नियम आहेत, आणि १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयातल्या २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांत केस बसते का, ते बघावं लागतं. ते बघणार कोण? मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, पंचायत समिती, शिक्षण विभाग, एवढ्या हातांतून फाइल फिरते आणि त्यात डॉक्टर एकच, जिल्हा शल्यचिकित्सक. मग आजाराची पानं बंद पाकिटात त्यांच्याकडे जाऊ द्या, बाकीच्यांनी रक्कम आणि मंजुरी बघावी. साहेब लोकांचे गोपनीय अहवाल बरे बंद पाकिटात जायचे. तेव्हा लाखेचा तुटवडा पडल्याचं ऐकलं नाही.

शिक्षकांच्या बदल्यांचा विषय आज काढत नाही. विशेष संवर्ग भाग एकमध्ये, म्हणजे आजारपणामुळे बदलीत प्राधान्य मागणाऱ्यांत, कर्करोग, हृदयाचं ऑपरेशन, डायलिसिस, सगळं स्वतःचं किंवा जोडीदाराचं सांगावं लागतं, त्यावर हरकती मागवतात, आणि मग 'बाई तर परवा हळदीला नाचत होत्या' असे वैद्यकीय अभिप्राय येतात. त्यावर वेगळा लेख होईल.

या यादीतल्या एका शिक्षिकेने पुढची बिलं टाकलीच नाहीत. उपचार चालू आहेत, पैसे नवरा सोसायटीचं कर्ज काढून भरतो. आजार मी लिहीत नाही. प्रलंबित बिलांचा आकडा पुढच्या महिन्यात तेवढा खाली येईल आणि आढावा बैठकीत कार्यालयाची पाठ थोपटली जाईल.