हातांना काम : लपलेली अंडी शोधा!

बालमित्रांनो, परीक्षा संपायला आल्या आणि घरोघरी मुलांची 'आता काय करू?' ही भुणभुण सुरू झाली, हो ना? तर यंदा एक शोधाशोधीचा खेळ करून पाहू.

आपल्या जालन्याला ईस्टर नवा नाही. १९व्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. युरोपात त्याआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी खात नसत. कोंबड्या मात्र अंडी घालतच राहायच्या! साठलेली अंडी मग सणाला उकडून, रंगवून वाटली जात. पुढे ती लपवून मुलांना शोधायला लावायची गंमत सुरू झाली.

आपल्याकडे मात्र एक अडचण आहे. एप्रिलच्या उन्हात उकडलेलं अंडं कोनाड्यात विसरलं, तर दुसऱ्या दिवशी नाकच त्याचा पत्ता सांगेल! म्हणून आपण रिकामी टरफलं रंगवू.

पांढरं अंडं साबणाने धुवा. दाभणाने दोन्ही टोकांना भोकं पाडा. हे काम आईबाबांसमोरच. दाभण आत फिरवून बलक फोडा आणि एका भोकातून नव्या, स्वच्छ पिचकारीने हवा सोडा. दुसऱ्या भोकातून सगळं वाटीत येईल. त्याची लगेच भुर्जी करा. टरफल आतून धुऊन वाळवा. तोंडाने फुंकू नका, कच्चं अंडं पोटात जायला नको.

आता नक्षी. मेणबत्तीच्या टोकाने टरफलावर ठिपके, वेली, कोयऱ्या काढा. मेण लागलेल्या जागी रंग चढत नाही, नक्षी पांढरीच राहते. युक्रेनमध्ये मेणाने अशी अंडी रंगवतात, त्यांना 'पिसांका' म्हणतात. २०२४ मध्ये युनेस्कोने या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

रंग घरातलाच. कांद्याची दोन मुठी सालं दोन कप पाण्यात वीस मिनिटं उकळा, गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम रंगात मेण वितळून जाईल. पिवळा हवा असेल तर हळद उकळा. रंगात दोन चमचे व्हिनेगर घाला. टरफल चुनखडीचं असतं, आंबटपणाने ते किंचित खरखरीत होतं आणि रंग धरतं. रिकामं टरफल तरंगतं, म्हणून चमच्याने हलकेच दाबून फिरवत राहा. अर्ध्या तासाने काढून वाळवा.

घरी अंडं चालत नाही? हरकत नाही. छोट्या फुग्यावर खळीने वर्तमानपत्राचे तुकडे तीन-चार थरांत चिकटवा. वाळल्यावर फुगा फोडा आणि रंगवा. आत चार शेंगदाणेही घालता येतील.

लपवायला जुन्या घरांत जागाच जागा! देवळी, उखळ, माठामागची सावली. देवघर आणि तुळशीवृंदावन सोडा. लपवणाऱ्याने यादी ठेवायची. सर्वांत छोट्या भावंडासाठी दोन-तीन अंडी त्याच्या हाताला येतील अशी ठेवायची.

आणि हो, हा खेळ घरात किंवा अंगणातच. नदीकाठी, माळावर नको. कारण तिथे याच दिवसांत खरी अंडी लपलेली असतात. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच ती साधारण चार अंडी घालते. ठिपकेदार आणि मातकट असल्याने ती पायाशी असूनही दिसत नाहीत. लपवण्याच्या खेळात तिच्याशी कुणी स्पर्धाच करू नये! उन्हात अंडी तापू नयेत म्हणून ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. आपण तिथे उभे राहिलो, तर ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात.

तेव्हा टिटवी ओरडू लागली, की खाली नीट पाहत, आल्या पावली मागे फिरा. अंड्यांना हात लावायचा नाही. रानपक्ष्यांची अंडी उचलायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही मनाई आहे. अंगणातली सगळी अंडी शोधा, माळावरची मात्र लपलेलीच राहू द्या.

चला तर मग, कांद्याची सालं आजपासूनच साठवायला लागा!