भीतीचा बाजार

एस.टी. स्थानकाच्या मुतारीवर 'गुप्तरोगावर खात्रीचा इलाज' ही जाहिरात पाहिली नाही, असा प्रवासी सातारा-सांगलीकडे विरळाच. हा धंदा रोगापेक्षा भीतीवर अधिक चालतो. मुंबईत माथाडीचे काम करणारा माण-खटावचा एखादा तरुण कुणाच्या जवळ जातो. स्पर्श, चुंबन, फार तर निरोध वापरून झालेला संग, एवढेच घडलेले असते. पुढे महिनोन्महिने साधी कणकणही त्याला एड्सची खूण वाटते. घरी बोलता येत नाही, आणि दवाखान्यात गावचाच कुणी भेटेल हे भय. अखेर उसनवारीचा पैसा भोंदू वैद्याच्या चूर्णात जातो.

वस्तुतः एच.आय.व्ही. स्पर्शाने वा चुंबनाने पसरत नाही. निरोध नीट वापरला असल्यास धोका फारच थोडा उरतो. गरमी (उपदंश) मात्र व्रणाच्या निकट स्पर्शानेही होऊ शकते. म्हणून शंका असल्यास तपासणी करावी. जिल्हा रुग्णालयात एच.आय.व्ही.ची चाचणी मोफत होते, आणि ३ महिन्यांनंतरही ती निर्दोष आली, तर चिंतेस कारण उरत नाही. धोका खरोखरच घडला असेल, तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता येते; तेथे लाजेपायी घालविलेला दिवस महाग पडतो. संमतीवाचून चाचणी करू नये व निकाल गुप्त राखावा, असे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे.

हे कार्यकर्त्याने का सांगावे? १९०० साली ज्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, त्या डॉ. आंबेडकरांनी १९३४ साली र. धों. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, एवढाच कर्व्यांचा गुन्हा. खटला हरला, दंड झाला. मासिक मात्र कर्व्यांच्या अखेरीपर्यंत, १९५३ पर्यंत, निघत राहिले. सांगलीत तर रोगाचे मूळ म्हणून हिणविल्या गेलेल्या वेश्यांनीच निरोधवाटपाचे काम हाती घेतले आणि १९९६ साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. आमच्या तालुका कार्यालयांत उसाच्या दरावर रात्र जागते; हा विषय निघाला की कुणीतरी चहा सांगायला उठतो.

पुढील शिबिरात जिल्हा रुग्णालयाच्या समुपदेशकास एक तास द्यावा, प्रश्न निनावी चिठ्ठ्यांवर घ्यावेत, आणि १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या फळ्यावर लिहावा. स्त्रियांची बैठक निराळी ठेवावी. नवऱ्याने घरी आणलेल्या रोगाविषयी त्यांना विचारायचे असते, आणि ते पुरुषांसमोर विचारता येत नाही.