घोषणेआधी पैशाची वाट सांगा

१९७२ च्या दुष्काळात माझी आई विट्याजवळच्या रस्त्यावर खडी फोडायची. मी सहा वर्षांचा, तिच्या सावलीत बसून सुकडीची वाट बघायचो. हाताला काम मिळालं म्हणून आमचं घर तगलं. त्यामुळे सरकारने सरसकट खर्च तोडावा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण आज बारा यंत्रमाग चालवताना मला वाटतं, सरकारने हात आखडायलाच हवा.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात महागाईला लगाम घालायला रिझर्व्ह बँकेने रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. माझ्या कर्जाचा हप्ता चढला. सूत आधीच महागलेलं. मी रात्रपाळी बंद केली आणि चार माणसं घरी बसली. त्यातल्या एकाची मुलगी बारावीला होती. ती महागाई युद्धातून, तेलातून आली होती, मान्य. पण सरकारं कर्ज काढून खर्च करत राहिली की महागाई लवकर उतरत नाही, आणि व्याजही उतरत नाही. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर आहे, डोक्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे. महसुली तूट म्हणजे रोजचा संसार उसनवारीवर.

याचा तोडगा आमच्या शेजारच्या तालुक्यातच सापडला होता. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात अजमावली गेली. पुढे राज्यभर ती राबवताना १९७५ मध्ये खास तिच्यासाठी व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराने कर भरायचा, तेवढीच रक्कम सरकारने घालायची आणि त्यातून गावात बांध, पाझर तलाव, विहिरी व्हायच्या. खर्चाला उत्पन्नाची बाजू होती. मजुरी देऊन मागे पाणी उरायचं, पाण्यातून धान्य यायचं. असा खर्च भाव चढवत नाही, उलट पुढच्या सालाचं धान्य वाढवतो.

याच्या उलट टेंभू उपसा सिंचन योजनेचं बघा. १९९६ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा अंदाज सुमारे चौदाशे कोटींचा होता. पैसा तुकड्या-तुकड्याने आला, वर्षं गेली, सिमेंट-लोखंड महागलं आणि सुधारित अंदाज चार हजार कोटींच्या वर गेला. पाणी आलं तेव्हा खानापूर-आटपाडीचं शिवार पालटलं, पण तोवर आमची कितीतरी पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी मुलखाबाहेर गेली होती. दहा नवे नारळ फोडण्यापेक्षा एक काम पुरं करणं स्वस्त पडतं.

माझ्या शेडवर कांड्या भरणाऱ्या दोघींना लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार मिळतात. ते त्यांच्या हातून काढून घ्या, असं मी म्हणत नाही. मात्र इथून पुढे प्रत्येक नव्या घोषणेखाली एक ओळ छापलेली हवी : हा पैसा कोणत्या उत्पन्नातून येणार. आमच्या आमदारांनी ही मागणी सभागृहात मांडावी. आणि कात्री लावायची वेळ आलीच, तर आम्हा यंत्रमागवाल्यांची वीज सवलतही तपासावी, माझी हरकत नाही.